ती रोहिणी, तो मृग : ताऱ्यांच्या नावांचे लिंग कोणी ठरवायचे?

आकाशातल्या प्रकाशाच्या एकाच ठिपक्याला मराठीत तिन्ही लिंगांत हाक मारता येते. तो तारा, ती चांदणी, ते नक्षत्र. यांतला 'तारा' हा शब्द संस्कृतात स्त्रीलिंगी आहे. मराठीत आल्यावर मुलीचे नाव म्हणून तो स्त्रीलिंगी राहिला आणि आकाशात मात्र पुल्लिंगी झाला, म्हणून 'तारा आली' आणि 'तारा तुटला' या दोन वाक्यांतली पहिली गोष्ट घरातली आणि दुसरी आभाळातली हे आपल्याला नुसत्या क्रियापदावरून कळते. पुराणांतला शुक्र हा असुरांचा गुरू, म्हणजे पुरुष. पण पहाटे तो दिसला की आपण 'शुक्राची चांदणी' म्हणतो आणि वाक्य स्त्रीलिंगात पुरे करतो. बोलणाऱ्याला यात कधी अडखळायला होत नाही.

अडखळायला होते ते लिहिताना, आणि विशेषतः बाहेरून आलेली किंवा अलीकडे घडवलेली ताऱ्यांची नावे मराठी वाक्यात बसवताना. 'व्हेगा' हा शब्द घ्या. उन्हाळ्याच्या अखेरीस रात्री उंच चढणारा हा निळसर पांढरा तारा मराठी मजकुरात कधी 'दिसतो', कधी 'दिसते', आणि एकाच लेखात दोन्ही रूपे आढळली तरी ती चूक आहे असे ठामपणे म्हणायला हाताशी काही आधार नसतो. इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे निर्जीव वस्तूंच्या नामांना लिंग चिकटलेले नाही. मराठीत लिंग ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. प्रश्न केवळ क्रियापदापुरताही नाही. साधा षष्ठीचा प्रत्यय लावायचा तरी सामान्यरूप लिंगावर अवलंबून असते. चित्रा स्त्रीलिंगी म्हणून चित्रेचा रंग, तारा पुल्लिंगी म्हणून ताऱ्याचा रंग. मग व्हेगाचा रंग की व्हेगेचा? कोश उघडला, परिभाषेची यादी पाहिली, तर नाव सापडते, त्याच्यासमोर लिंग मात्र सापडेलच असे नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की मराठीत ताऱ्यांची नावे जे प्रमाण करतात, मग ते पाठ्यपुस्तकांचे लेखक असोत, परिभाषाकोशांचे संपादक असोत किंवा विज्ञानाचे भाषांतर करणारे असोत, त्यांनी प्रत्येक नावाचे लिंग आणि मूळ ही दोन्ही नावाबरोबरच ठरवून नोंदवली पाहिजेत, आणि ती ठरवताना शब्दाच्या शेवटच्या स्वराकडे न बघता आधी मराठीतल्या रुळलेल्या वापराकडे आणि तो नसेल तिथे शब्दाच्या उगमाकडे बघितले पाहिजे. ही मागणी नवी वाटेल, पण ती फार जुनी आहे. ज्याला आपण 'अमरकोश' म्हणतो त्या ग्रंथाचे खरे नाव 'नामलिंगानुशासन' आहे. नाम आणि लिंग या दोन्हींचे अनुशासन एकत्रच करायचे असते, हे त्या शीर्षकातच सांगितले आहे. त्यात ताऱ्यांची सामान्य नावे सांगणारी ओळ अशी आहे : 'नक्षत्रमृक्षं भं तारा तारकाप्युडु वा स्त्रियाम्'. सहा शब्द दिले, आणि शेवटच्या 'उडु' या शब्दाजवळ थांबून तो विकल्पाने स्त्रीलिंगी आहे हे सांगायला कोशकार विसरला नाही. पुढे भाद्रपदांचा उल्लेख येतो तिथेही 'स्त्रियाम्' हा शब्द टाकूनच तो पुढे जातो. पाठांतराच्या श्लोकात एकेक अक्षर मोलाचे असते, आणि त्यातली काही अक्षरे त्याने लिंगासाठी खर्च केली.

पाणिनीने तर ताऱ्यांच्या नावांच्या वचनासाठीही स्वतंत्र सूत्रे लिहिली. 'फल्गुनीप्रोष्ठपदानां च नक्षत्रे' या सूत्राप्रमाणे फल्गुनी आणि प्रोष्ठपदा (म्हणजे भाद्रपदा) या नक्षत्रांची नावे, तारे दोन असूनही, विकल्पाने बहुवचनात चालतात. तिष्य म्हणजे पुष्य हे एक आणि पुनर्वसू हे दोन, मिळून तीन होतात, तरी त्यांच्या द्वंद्वसमासाचे वचन नेहमी द्विवचनच राहील, असे आणखी एक सूत्र सांगते. ज्या व्याकरणात शब्दांची इतकी काटकसर आहे, तिथे नक्षत्रांसाठी लागोपाठ चार सूत्रे खर्ची पडली, कारण लोक आकाशाविषयी रोज बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यातले नियम सामान्य नियमांत बसत नव्हते. आज आपण 'पुनर्वसू' असा दीर्घ ऊकार लिहितो. मराठीत अंत्य उकार तसाही दीर्घच लिहायचा असल्यामुळे त्यातले जुने द्विवचन आपल्याला जाणवत नाही. योगायोगाने का होईना, त्या दोन ताऱ्यांची जोडी शब्दाच्या टोकाला अजून उभी आहे.

लिंग ही निव्वळ व्याकरणाची सोय असती तर हा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नव्हता. पण ताऱ्यांच्या बाबतीत कथा लिंगावर उभी राहिली आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापतीची एक कथा येते. तो आपल्याच कन्येच्या मागे लागला. ती रोहित म्हणजे हरिणी झाली, तो हरीण झाला. या अधर्माने संतापलेल्या देवांनी आपली सारी उग्र रूपे एकत्र करून एक देव निर्माण केला आणि त्याने बाण मारून प्रजापतीला विंधले. विंधलेला वर आकाशात उडाला तो मृग, विंधणारा तो मृगव्याध, हरिणी ती रोहिणी, आणि तीन कांड्यांचा बाण तो मृगाच्या पोटात आजही दिसणारा तीन ताऱ्यांचा बाण. आकाशात पाहिले तर हे सगळे त्याच क्रमाने मांडलेले आहे : पुढे तांबूस रोहिणी, तिच्या मागे मृग, आणि बाणाची रेषा खाली लांबवली की थेट व्याधावर जाते. या रचनेतले 'ती' आणि 'तो' काढून टाका आणि तीन तेजस्वी वस्तूंची नुसती नावे ठेवा, म्हणजे कथाही जाते आणि आकाशातली ती दिशाही लक्षात राहत नाही. अरबी भाषेत याच रोहिणीला 'अद्-दबरान' म्हणजे मागून येणारा म्हणतात, कारण तो कृत्तिकांच्या मागे उगवतो. तिथे तो पुल्लिंगी आहे आणि पाठलाग तोच करतो. इथे ती स्त्रीलिंगी आहे आणि पाठलाग तिचा होतो. तारा एक, त्याच्याकडे पाहण्याच्या दोन रीती, आणि त्यांतला फरक दोन्ही ठिकाणी व्याकरणाने जपला आहे.

याच्या उलट, कथेने व्याकरणाला वाकवण्याचा प्रयत्न केला आणि व्याकरण वाकले नाही, असेही झाले आहे. तैत्तिरीय संहितेत प्रजापती आपल्या 33 कन्या सोमाला देतो आणि सोम एकट्या रोहिणीवर प्रेम करतो. पुढे पुराणांत त्या दक्षाच्या 27 कन्या होतात आणि सगळी नक्षत्रे चंद्राच्या बायका ठरतात. अमरकोशही अश्विनी आदी ताऱ्यांना दाक्षायणी म्हणतो. तरीही हस्त पुल्लिंगी राहिला, पुष्य पुल्लिंगी राहिला, मूळ नपुंसकलिंगी राहिले, मृगशीर्ष नपुंसकलिंगी राहिले. म्हणजे ही नावे त्या कथेच्या आधीची आहेत, किंवा निदान त्या कथेतून निघालेली नाहीत. नावाचे मूळ शोधणाऱ्याला लिंग असा पुरावा पुरवते, आणि मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. अर्थ बदलतात, ओळखी बदलतात, लिंग पुष्कळदा जुन्या वस्तीतल्या पायाच्या दगडासारखे जागेवर राहते.

मराठीने तर या लिंगांवर स्वतःची भर घातली. पावसाच्या नक्षत्रांना आपल्याकडे जी लोकनावे आहेत ती एकदा लिंगाकडे लक्ष ठेवून वाचावीत. पुनर्वसूचा पाऊस तो 'तरणा', पुष्याचा तो 'म्हातारा'. मघांचा पाऊस 'सासूचा', पूर्वांचा 'सुनांचा'. पुल्लिंगी नावांना पुरुष मिळाले, स्त्रीलिंगी नावांना स्त्रिया मिळाल्या. ज्यांनी ही नावे पाडली त्यांनी अमरकोश उघडला असण्याचे कारण नाही. पण तो पुष्य आणि ती मघा हे त्यांच्या कानात पक्के होते, आणि त्या लिंगातूनच माणसे उभी राहिली. वचनाविषयी मात्र सावधपणे बोलायला हवे. 'मघा' हा शब्द वैदिक भाषेत बहुवचनी आहे आणि मराठीतही मघा 'पडतात', 'बरसतात', म्हणून जुने बहुवचन टिकले असे म्हणायचा मोह होतो. पण 'पडतील स्वाती, पिकतील माणिक-मोती' या म्हणीत एकट्या ताऱ्याची स्वातीही बहुवचनात आहे. तेव्हा ते बहुवचन ताऱ्यांचे नसून सरींचे असावे, हेच अधिक पटते.

आता मराठीबाहेरच्या नावांकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे आणि तो आजचा नाही. आपण आज ज्याला मृग म्हणतो तिथे जुन्या अरबांना 'अल्-जौझा' नावाची एक स्त्री दिसत होती. नावाचा संबंध 'मध्य' या अर्थाच्या शब्दाशी आहे आणि नाव स्त्रीलिंगी आहे. नवव्या शतकात टॉलेमी या ग्रीक खगोलज्ञाच्या ग्रंथाची अरबी भाषांतरे झाली, तेव्हा त्याच जागी ग्रीकांचा पुरुष, ओरायन, आला आणि अरबीत त्याला 'अल्-जब्बार' म्हणजे महाकाय म्हणू लागले. आकृतीचे लिंग बदलले, पण तिच्या एका ताऱ्याचे जुने नाव उरले : 'यद अल्-जौझा', त्या स्त्रीचा हात. हे नाव लॅटिनमध्ये उतरवताना पहिल्या अक्षराखालचे दोन नुक्ते एकच समजले गेले, 'य'चा 'ब' झाला, आणि त्यातून आजचे 'बीटलज्यूस' तयार झाले. शिकारी पुरुषाच्या खांद्यावर एका स्त्रीचा हात राहिला आहे, आणि हे त्या नावाचे लिंग माहीत असल्याशिवाय कळत नाही. मराठीत या ताऱ्याला 'काक्षी' असेही नाव आहे. ते 'कक्ष' म्हणजे काख या शब्दावरून घेतले असेल, तर त्यामागे बीटलज्यूसची एके काळी प्रचलित असलेली 'जौझाची काख' ही चुकीची व्युत्पत्ती असावी. हा माझा तर्क आहे. पण कोशात मूळ नोंदवण्याची शिस्त असती तर तर्क करायची वेळ आली नसती.

लॅटिनमध्ये 'स्टेला' म्हणजे तारा हा शब्द स्त्रीलिंगी, आणि त्याच्या ओढीने कितीतरी नावे स्त्रीलिंगाकडे सरकली. कन्या राशीत एक तारा आहे. तो पहाटे उगवू लागला की द्राक्षांची तोडणी जवळ आली असे भूमध्य समुद्राकाठचे लोक समजत. ग्रीकांनी त्याला 'प्रोट्रुगेटेर' म्हटले, ते पुल्लिंगी. रोमनांनी 'व्हिंडेमिआटोर' म्हणजे द्राक्षे तोडणारा म्हटले, तेही पुल्लिंगी. आणि मध्ययुगात त्याचे 'व्हिंडेमिआट्रिक्स' म्हणजे द्राक्षे तोडणारी झाले. मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याला 'बेलाट्रिक्स' म्हणजे वीरांगना हे नाव मिळाले. अभिजितचे 'व्हेगा' हे नाव 'अन्-नस्र अल्-वाकिअ', म्हणजे खाली उतरणारे गिधाड, यातल्या शेवटच्या शब्दाचा अपभ्रंश आहे. 'वाकिअ' हे पुल्लिंगी विशेषण. लॅटिनमध्ये त्याच्या शेवटी 'आ' आला, आणि कानाला तो स्त्रीलिंगी वाटल्यामुळे जर्मन, रशियन, इटालियन अशा भाषांत व्हेगा स्त्री झाली. 'उस'ने किंवा 'ओ'ने संपणारा सिरियस त्याच भाषांत पुरुष राहिला. त्या सिरियसला अरबीत 'अश्-शिअरा' म्हणतात, आणि ती स्त्री आहे, सुहैलची, म्हणजे आपल्या अगस्त्याची, बहीण. प्राचीन इजिप्तमध्येही तो सोपदेत नावाची देवी होता. आपल्याकडे मात्र तो व्याध.

सर्वांत सुंदर उदाहरण मला उत्तरेकडच्या सात ताऱ्यांचे वाटते. ऋग्वेदात उंचावर ठेवलेल्या आणि रात्री दिसणाऱ्या 'ऋक्षां'चा उल्लेख आहे, आणि शतपथ ब्राह्मण स्पष्टच सांगते की सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत. ऋक्ष म्हणजे अस्वल. ग्रीकांचा 'आर्क्टोस' हाही अस्वलच, आणि दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. पण ग्रीकांची आकाशातली अस्वल मादी आहे, लॅटिनमधली 'उर्सा'ही मादी. आपली अस्वले नर होती, इतकी की शतपथ ब्राह्मणात कृत्तिका या त्यांच्या पत्नी म्हणून येतात. पुढे 'ऋक्ष' आणि 'ऋषी' यांच्या उच्चारातले साम्य कामी आले असावे, अस्वलांचे ऋषी झाले, आणि लिंग तेच असल्यामुळे कृत्तिकांना ऋषिपत्नी व्हायला काहीच अडले नाही. ऋक्ष जर स्त्रीलिंगी असते तर सप्तर्षींची कथा या वाटेने आलीच नसती. वसिष्ठाशेजारची अरुंधती ही त्या जुन्या व्यवस्थेनंतर एकटी त्याच्याजवळ उरली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लिंग जर असे अपघाताने, शेवटच्या स्वरामुळे, शेजारच्या शब्दाच्या ओढीने बदलत आले असेल, तर ते जपण्याचा आग्रह का? ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावे. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. भाषेने लिंग बदलणे आणि लेखकाने ते न ठरवता सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हिंडेमिआट्रिक्स एकदा स्त्रीलिंगी झाली ती झालीच; पुढच्या प्रत्येक लेखकाने तिला स्त्रीच मानले, म्हणून बदल झाला हे आज आपल्याला सांगता येते. 'स्वाती' अथर्ववेदाच्या नक्षत्रसूक्तात येते तिथे चित्रेला 'शिवा' हे स्त्रीलिंगी विशेषण आहे आणि स्वातीजवळ 'सुखो' हे पुल्लिंगी रूप आहे. मराठीत स्वाती निःसंशय स्त्रीलिंगी आहे. दोन्ही टोके पक्की आहेत म्हणून मधला प्रवास दिसतो. एकाच काळातले दोन लेखक एकाच ताऱ्याला मनाला येईल तसे 'तो' आणि 'ती' म्हणू लागले, तर त्याला बदल म्हणता येत नाही, आणि पुढच्या वाचकाला त्यातून काहीच शिकता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : प्रत्येक नावापुढे 'तारा' हा शब्द जोडावा, म्हणजे सगळेच पुल्लिंगी होईल आणि वाद मिटेल. 'व्हेगा तारा दिसतो', 'चित्रा तारा दिसतो'. तक्त्यात, नकाशाच्या सूचीत ही सोय मला मान्य आहे. पण सलग गद्यात हाच नियम केला की 'चित्रा उगवली' हे वाक्य हळूहळू चुकीचे वाटू लागेल, आणि 'चित्रा हा तारा उगवला' हेच शुद्ध समजले जाईल. शास्त्रीय लेखनात हे आजच पुष्कळ घडते. ज्या भाषेत 'मृग लागला', 'रोहिणी लागली' ही वाक्ये न शिकता येतात, त्या भाषेने वैज्ञानिक होण्यासाठी आपल्या नामांमागे सतत एक जातिवाचक शब्द ओढत न्यावा, हे मला अनावश्यक दारिद्र्य वाटते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. या नावांतली स्त्रीलिंगे बहुतेक कोणाची तरी पत्नी, कन्या किंवा बहीण म्हणून आलेली आहेत. पाठलाग होणारी हरिणी, चंद्राने उपेक्षिलेल्या बायका, संशयावरून पतींनी टाकून दिलेल्या कृत्तिका. हे सगळे विज्ञानाच्या पुस्तकात पुढे चालवायचे का? माझे उत्तर असे आहे की लिंग पुसल्याने त्या कथांतला अन्याय पुसला जात नाही, फक्त तो कुठे होता हे दिसेनासे होते. आणि कृत्तिकांची दुसरी बाजूही नावांतच आहे. तैत्तिरीय ब्राह्मणात त्या सात जणींची नावे येतात : अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. अभ्र आणणारी, मेघ आणणारी, पाऊस आणणारी. यांत कोणाचीही पत्नी नाही. कर्तृत्व त्यांचे स्वतःचे आहे, आणि ते स्त्रीलिंगी प्रत्ययातूनच कळते. नवी नावे ठेवताना दिशा बदलता येते, आणि ती बदललीही आहे : 2019 साली आंतरराष्ट्रीय खगोलसंघाच्या उपक्रमात भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळाले, ते भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. मराठीत आपण 'बिभा दिसते' असेच म्हणणार, आणि तसेच म्हणायला हवे.

याच संघाने 2016 साली ताऱ्यांच्या नावांसाठी एक कार्यगट नेमला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत 227 नावांना मान्यता दिली. पुढच्या काळात त्या यादीत रेवती, भरणी, आश्लेषा ही आपली नावेही आली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती यादी रोमन लिपीत आहे. तिथे ऱ्हस्व-दीर्घ नाही, 'श' आणि 'ष' यांत फरक नाही, आणि लिंगाची नोंद नाही. तिच्यावरून कोणी आंधळेपणाने, किंवा यंत्राच्या मदतीने, परत मराठीत लिहू लागला तर 'आश्लेषा'ची 'अश्लेशा' व्हायला वेळ लागणार नाही, आणि तिच्यापुढचे क्रियापद कोणते येईल ते सांगता येत नाही. जागतिक यादीने एक नाव निश्चित करणे योग्यच आहे. त्या नावाला मराठी वाक्यात उभे करणे हे काम मात्र ती यादी करू शकत नाही; ते आपल्यालाच करावे लागेल.

ध्वनीवरून नाव उतरवले की लिंग हरवते, याचे एक जुने उदाहरण सांगण्यासारखे आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने राशींची ग्रीक नावे संस्कृत वळणाने दिली : क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन आणि पुढची. यांतला 'पाथोन' म्हणजे ग्रीक 'पार्थेनोस', कुमारी. ग्रीकमध्ये शब्दाचा शेवट पुल्लिंगी वाटतो, पण तो शब्द स्त्रीलिंगी आहे. संस्कृतात उतरताना कानाने फक्त शेवट ऐकला आणि कुमारीचा 'पाथोन' झाला. त्याच राशीचे भाषांतर केले तेव्हा 'कन्या' मिळाली आणि स्त्री परत आली. पुढे टिकली ती कन्याच.

यातून मराठीसाठी काही धोरण निघते. ज्या ताऱ्यांना रुळलेले मराठी नाव आहे तिथे तेच नाव आणि मराठीतले त्याचे लिंग प्रमाण धरावे, संस्कृतात ते वेगळे असले तरी. अभिजितचेच पाहा. महाभारताच्या वनपर्वात अभिजित ही रोहिणीची धाकटी बहीण आहे. ज्येष्ठपणाच्या ईर्ष्येने ती तपासाठी वनात जाते, आणि नक्षत्रांतली तिची जागा रिकामी पडते. मराठीत मात्र अभिजित पुरुष आहे आणि ते बदलण्याचे कारण नाही; पण कोशात 'अभिजित, पुल्लिंगी' या नोंदीपुढे महाभारतातल्या त्या बहिणीचा उल्लेख असायलाच हवा, नाहीतर तो श्लोक वाचणारा मराठी वाचक 'स्वसा' या शब्दापाशी गोंधळून थांबेल. एकदा अभिजित मान्य केला की व्हेगाचा की व्हेगेचा हा प्रश्नच बहुतेक ठिकाणी उरत नाही.

ज्यांना असे नाव नाही अशा परकी नावांना, ती ज्या रूपात आपल्यापर्यंत आली त्या रूपाचे लिंग द्यावे आणि आधीचे मूळ नोंदवावे. म्हणजे व्हिंडेमिआट्रिक्स आणि बेलाट्रिक्स स्त्रीलिंगी. संस्कृत शब्दांतून घडवलेल्या नावांना शेवटच्या पदाचे लिंग. 'ब्रह्महृदय' नपुंसकलिंगी, मग त्याच ताऱ्याची लॅटिन 'कपेला' बकरी असो आणि अरबी 'अय्यूक' पुरुष असो. एका ताऱ्याला जगात तिन्ही लिंगे मिळाली तर मिळू द्यावीत. 'मीनास्य' नपुंसकलिंगी, कारण आस्य म्हणजे मुख. ते 'फम अल्-हूत', माशाचे तोंड, याचे नेमके भाषांतर आहे. 'अग्रनद', म्हणजे इंग्रजीतला 'अकर्नार', पुल्लिंगी, कारण घडवणाऱ्याने नदी न घेता नद घेतला, आणि मूळ अरबी 'नहर'ही पुल्लिंगीच आहे.

'प्रश्वा' हे यांतले सर्वांत अवघड नाव, कारण शेवटच्या 'आ'मुळे ते सहज 'ती प्रश्वा' होते. ग्रीक 'प्रोकिऑन' म्हणजे कुत्र्याच्या आधी उगवणारा. 'किऑन' आणि संस्कृत 'श्वन्' हे सख्खे शब्द आहेत, आणि ज्याने 'प्र' आणि 'श्वा' जोडून हे नाव केले त्याने अर्थ, उच्चार आणि लिंग तिन्ही एकदम साधले. राजन्-चे राजा होते, आत्मन्-चे आत्मा होते, तसेच श्वन्-चे श्वा. म्हणून तो प्रश्वा उगवला असे लिहावे, आणि प्रत्यय लावताना 'प्रश्वेचा' न लिहिता, 'राजाचा' लिहितो तसे 'प्रश्वाचा' लिहावे.